जुनी गोळी, नवी गोळी आणि लग्नातली खुर्ची

तीर्थस्वरूप नानासाहेब दादा यांना धाकट्या साळूचा वाकता येईल तेवढा वाकून नमस्कार (गुडघ्यापर्यंतच पोचला, पुढचा तुम्ही धरून घ्या). तुमचा खोकला, वहिनींची कंबर आणि ती लाथाडी म्हैस, सगळं ठिकाणावर असेल. फोन सोडून पत्र का, म्हणाल. तर तुम्ही दुकानाच्या ओट्यावर बसून फोन स्पीकरवर लावता. मागं मी पोट बिघडल्याचं बोलले, तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावातून ओवा खाण्याचे निरोप आले. म्हणून मी सांगतेय आणि सूनबाई मंजुषा लिहितेय. तिच्याबद्दलही दोन शब्द येतील, ते तिनं निमूट लिहावेत. (लिहिले. तोंड तेवढं वाकडं झालंय.)

हकिकत अशी. हे गेल्यापासून मी उदासीवरची गोळी घेते, ते तुम्हाला ठाऊक आहे. यंदा तिचा जोर उतरला. सकाळी मी चहा नको म्हणू लागले, तेव्हा घरादारानं धसका घेतला. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलायचं ठरवलं, पण एकदम नाय. जुनी थोडी थोडी कमी, नवी थोडी थोडी जास्त, आणि आपल्या मनानं काही सोडायचं नाय. मधल्या काळात जीव घाबरेल, तेही हळूहळू ओसरेल, असं त्यांनी बजावलं. मला लगेच समजलं. घराच्या चाव्या मी मंजुषाला अशाच दिल्या होत्या. आधी डाळ-तांदळाची कोठी, मग पैशाचं कपाट, आणि दागिन्यांची किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे. तेव्हा आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात, सहा महिने घराला चैन नव्हतं. (ती म्हणते दोन वर्षं. लिही बाई, तुझंच खरं.) आता तेच माझ्या डोक्यात चाललंय. बसल्या जागी छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यागत होतं. काय होणार ते कळत नाय, पण काहीतरी होणार असं लई वाटतं.

असं झालं की समोर दिसतील त्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची, दर नावाला एक सावकाश श्वास, हा डॉक्टरीणबाईंचा इलाज. घरात तो नामी चालतो: पंखा, कॅलेंडर, मंजुषाचं न आवरलेलं कपाट. पण परवा तुमच्या नातवाच्या, इंद्रजीतच्या लग्नाचा आहेर घ्यायला शहागंजात गेलो. मंजुषा साड्यांच्या दुकानात शिरली आणि मला नेमकी माझ्या नेहमीच्या भाजीवाल्यापुढं धडकी भरली. मी गाड्याची कड धरली आणि सुरू केलं. वांगी. दोडकी. शेपू. तांबडा भोपळा. श्वास जागेवर आला तेव्हा बघते, तर त्यानं सगळं तोलून पिशवीत भरलेलं! आणि तो बिचारा माझ्याहून जास्त घाबरलेला, कारण इतक्या वर्षांत मी भाव न विचारता त्याच्याकडची कोथिंबिरीची काडीसुद्धा उचलली नव्हती. “अम्मा, तबियत तो ठीक है ना?” म्हणत त्यानं मला आपल्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. जरा वेळानं मी विचारलं, दोडकी कशी लावलीस? त्यानं सांगितलं. मी म्हटलं, लुटतोस का रे मेल्या? तर हा हसून शेजारच्याला म्हणतो, “अब ठीक है अम्मा!” भोपळा आमच्याकडं अजून संपलेला नाय.

पण दादा, फरक पडतोय. झटके कमी झालेत, सकाळचा चहा परत सुरू झाला. काल मी मंजुषाच्या शेपूला नावं ठेवली, तर ती रागवायची सोडून डोळे पुसत हसली. (कांदा चिरत होते म्हणते. शेपूत कांदा?) तेव्हा काळजी नसावी. लग्नाला मी ठणठणीत येणार. वहिनींना नमस्कार, लेकरांना माझा मुका, म्हशीला लांबूनच.

तुमची साळू
(अंगठा माझा, अक्षर तिचं)

ता. क. मंजुषा म्हणते, आता खरं ते सांगा. तर कार्यालयात मला पुढच्या सोफ्यावर बसवू नका. बँड वाजला आणि जीव घाबरला, तर सगळ्यांच्या देखत उठून जाता यायचं नाय, या धास्तीनं मी येऊ का नको करतेय. दाराजवळ एक खुर्ची ठेवा. व्हय, तुमच्या लेकाच्या, बद्रीनाथच्या लग्नात मागं बसवलं म्हणून उपाशी घरी गेलेली, तीच मी. तेव्हाचं माझं बरोबरच होतं.

आणखी ता. क. खुर्च्या दोन ठेवा. नवरदेवाचे आजोबा म्हणून तुम्हाला सवड नसेल, तरी मधून मधून शेजारी येऊन बसा. बोलू नका, नुसते बसा. मी मांडवातल्या वस्तूंची नावं घेऊ लागले, तर घेऊ द्या. कुणी विचारलं तर सांगा, साळूला वाऱ्याची हौस आहे.

शेवटचं. खुर्ची मागची असली, तरी साडी पुढच्या सोफ्याच्या मानाचीच पाहिजे. ती हातात पडल्या पडल्या मी भाव विचारीन. नाय विचारला, तर मात्र पाण्याचा तांब्या घेऊन या.