माझ्या मागे खाट फेकू नये

मी, चांगुणा सहादेव पटारे, वय शहात्तर, धंदा घरकाम आणि अलीकडे कुरकुर, राहणार श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी राहातच नाही. मुलगा ज्ञानेश्वर पुण्याला असतो आणि मुलगी अश्विनी राजूरला शिक्षिका आहे.

लिहिण्याचं कारण एकच. माझ्या मागे माझी एकही वस्तू प्रवरेत सोडू नये की उकिरड्यावर टाकू नये. त्यातही खाट.

१. घर आणि बँकेतली ठेव दोन्ही मुलांना समसमान. यावरून भांडण होणार नाही. भांडण होतं ते चमच्या-वाट्यांवरून, म्हणून पुढचं नीट वाचावं.

२. घर मोकळं करण्याचं काम अश्विनीने करावं. ज्ञानेश्वर टेम्पो बोलावेल आणि जेवायच्या आत घर झाडून मोकळा होईल. पोरगा गुणी आहे, पण अडगळ कोणती आणि वस्तू कोणती हे त्याला कळत नाही. त्याने फक्त ओझी उचलावीत.

३. ज्या भांड्यावर नाव घातलेलं आहे, ते त्या नावाच्या माणसाकडे परत जावं. माणूस नसेल तर त्याच्या मुलाबाळांकडे. तांब्याचा हंडा माझ्या मामांनी लग्नात दिला होता, तो त्यांच्या नातसुनेला द्यावा. तिला तो मोडीत घालायचा असेल तर खुशाल घालावा, पण आधी एकदा पाणी भरून बघावा. पिचकी आणि बिननावाची भांडी आपणच मोडीत द्यावीत.

४. पत्र्याच्या पेटीत ब्लाऊज पीस आहेत. यातला एकही पुन्हा कोणाच्या ओटीत घालू नये. हिरवा जरीकाठी मीच माझ्या मावसबहिणीला, विजयमालाला, डोहाळजेवणात दिला होता. तो कुठकुठली लग्नं-बारशी करून माझ्याच ओटीत परत आला. कोपऱ्यावरचा हळदीचा डाग मी बरोबर ओळखला आणि हसू दाबत घरी आले. असलं कापड कोणीच शिवत नाही, नुसतं पुढे ढकलतात. शेजारच्या शहजादीकडे शिलाई मशीन आहे. तिच्याकडून सगळ्याच्या बाजाराच्या पिशव्या शिवून घ्याव्यात.

५. धड साड्या ज्याला आवडतील त्याने न्याव्यात. मऊ झालेल्या सुती पातळांच्या गोधड्या करून अश्विनीच्या शाळेतल्या मुलींना द्याव्यात. राजूरची थंडी मी एकदा सोसली आहे. विरलेलं, फाटकं पुसायला ठेवावं. जे आपण स्वतःच्या अंगाला लावणार नाही, ते दान म्हणून दुसऱ्याच्या दारात नेऊ नये. देणाऱ्याला पुण्य लागतं आणि घेणाऱ्याला लाज वाटते, हे मला पटत नाही.

६. बंद मिक्सर, रेडिओ आणि जुने मोबाईल विजेच्या वस्तूंचा कचरा घेणाऱ्याकडे वेगळे द्यावेत, घंटागाडीत ओल्या कचऱ्यात कोंबू नयेत. उरलेल्या गोळ्या मोरीत सोडू नयेत, औषधाच्या दुकानात विचारावं. काळा मोबाईल देण्याआधी त्यातला ह्यांचा आवाज काढून घ्यावा. ते नुसतं "चांगुणे, च्या ठिव" एवढंच म्हणतात, पण मी ते अजून ऐकते.

७. आता खाट. दवाखान्यात असते तशी, हँडल फिरवलं की डोक्याची बाजू उचलणारी लोखंडी खाट. ह्यांना लकवा झाला तेव्हा घेतली. दोन वर्षं ते तिच्यावर होते आणि तिच्यावरच गेले. राख सावडून आलो तर माझी धाकटी जाऊ सुरेखा हिने ह्यांचे कपडे, अंथरूण आणि मी विणलेला स्वेटर गाठोड्यात बांधून नदीत सोडायला पाठवलेसुद्धा होते. मला विचारलंही नाही. वर माणसांना म्हणाली, "खाट बी भाईर काडा. मेलेल्या मान्साची खाट घरात ठिवत न्हाईत."

मी खाटेवर जाऊन बसले. म्हटलं, "काडा. मलाबी संगंच न्या."

खाट राहिली, जावेचं बोलणं गेलं. एका गल्लीत राहून आम्ही एकमेकींच्या दारावरून मान फिरवून जात होतो.

त्यानंतर खाट गल्लीभर फिरली. शहजादीचे यजमान नूरमहंमदभाई कंबर मोडून तिच्यावर निजले आणि चालत उठले. कानिफनाथ गुरवांच्या आई तिच्यावरच सुखाने गेल्या. दर वेळी खाट धुऊन, पुसून माझ्या ओसरीवर परत आली.

या दिवाळीत सुरेखा न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तिला उठवून बसवायला दोन माणसं लागतात, हे मला गल्लीतून कळत होतं. तिने खाट मागितली नाही. मीही विचारलं नाही. म्हणून मी या कलमात लिहिलं होतं की, माझ्या मागे खाट सुरेखाला द्यावी, दहाव्याची वाट बघू नये.

कच्चा मसुदा वकीलसाहेबांना दाखवला. ते म्हणाले, "आजी, जिला खाट देताय तिलाच साक्षीदार धरू नका. एक तर देणं, नाही तर साक्ष." साक्षीदारात सुरेखाचं नाव मी का घातलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. परत येताना रिक्षात मला माझाच राग आला. तिचं हाड आज मोडलंय आणि मी माझ्या मरणाची तारीख धरून बसले होते.

नूरमहंमदभाईंनी खाट ढकलत नेली, मी मागून काठी टेकत गेले. सुरेखा खाटेकडे बघून रडायला लागली.

"अक्का, भावजी गेले हिच्यावर. मला भ्या वाटतंय."

"मी उठलो की हिच्यावरनं," नूरमहंमदभाई म्हणाले.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी रोज त्यो सुटर उराशी धरून बसला असता. मला बगवलं नसतं, म्हून धाडला."

मी म्हटलं, "बसले असते. माझा हुता." आणि हँडल फिरवलं. तिची पाठ वर आली. पुष्कळ दिवसांनी तिला खिडकीबाहेरचं दिसलं. सुरेखा, स्वेटरचा राग अजून गेलेला नाही. पण तुझ्याशी बोलल्यावाचून मला करमत नव्हतं, हेही इथेच लिहून ठेवते.

सबब खाट या मृत्युपत्रातून वगळली आहे. ती आता कोणाच्याच मालकीची नाही. ज्याचं काम झालं त्याने धुऊन पुढच्याला द्यावी.

८. माझी वेळ येईल तेव्हा खाटेवर सुरेखा असेल, तर तिला उठवू नये. मला जमिनीवर निजवावं. शेवटी सगळ्यांना तिथेच घेतात.

वरील सर्व मजकूर मी वाचला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि त्यांच्या देखत सही केली. दोघांनाही यात काही ठेवलेलं नाही.

ठिकाण: श्रीरामपूर, सुरेखाच्या घरी
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

सही: चांगुणा सहादेव पटारे

साक्षीदार:
१. नूरमहंमद शेख
२. सुरेखा आप्पासाहेब पटारे (सही खाटेवर बसून, कोणाचाही आधार न घेता केली)