फॅनबेल्टच्या आवाजाबाबत खुलासा

ती. दादा यांस,

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे माणसं सगळी कुशल आहेत, गाडी कुशल नाही. वहिनींची पाठ, तुमचं पित्त आणि परवा स्टेशनावर ताटकळत उभं राहून तुम्हाला आलेला राग, या तिन्हींना एव्हाना उतार पडला असेल अशी आशा करतो. (पडला नसेल तर हे पत्र आधी वहिनींना वाचू द्यावं. त्या तुम्हाला सोसेल तेवढंच सांगतील.) बाबा तुमच्याकडे कायमचे राहायला यायचे होते, तुम्ही त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली होती, पडदे लावले होते, आणि आगगाडीतून बाबा सोडून बाकी सगळे उतरले. फोनवर तुम्ही एकच प्रश्न विचारलात आणि उत्तर ऐकायच्या आत तो ठेवलात, म्हणून हा लेखी खुलासा. तुमची बहीण म्हणते, थोडक्यात लिहा. पण थोडक्यात लिहिलं की सगळा दोष माझ्या पदरात पडतो, असा आमच्या घरातला अनुभव आहे.

मुळात दोष गाडीचा. ही गाडी बाबांची, हे तुम्हाला सांगायला नको. डोळ्यांनी साथ सोडल्यावर त्यांनी ती मला दिली आणि ती माझ्या हाताला बसेपर्यंत म्हणून स्वतःही आमच्याकडे आले. एके सकाळी ती चालू करताच बॉनेटखालून चिर्रर्र असा आवाज आला. (शेजारच्या दंतवैद्यांनी खिडकीतून डोकावून सांगितलं, की असाच आवाज त्यांच्या दवाखान्यात दिवसभर चालतो आणि कुणी तक्रार करत नाही. तक्रार करायला तोंड मोकळं हवं, हे त्यांच्या लक्षात आलेलं नसावं.) अशा वेळी रेडिओ मोठा करावा, ही माझी पद्धत. पण बाबांनी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून जन्म काढला, काटा जरा हलला की कुणीतरी लबाडी करतंय हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. त्यांनी रेडिओ बंद केला, बॉनेट उघडायला लावलं आणि म्हणाले, "आवाज आहे म्हणजे कारण आहे. कारण सापडलं की मी दादाकडे जायला मोकळा." हे वाक्य नीट लक्षात ठेवावं, पुढचं सगळं त्यावर आहे.

त्या दिवसापासून तपास सुरू झाला. संशय फॅनबेल्टवर होता, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी जो रबरी पट्टा चाकांवरून फिरतो त्याच्यावर. बाबांचं शास्त्र असं, की चालू पट्ट्यावर पाणी शिंपडावं. आवाज क्षणभर थांबून परत आला तर चाक वाकडं आणि आवाज वाढला तर पट्टा ढिला. त्यासाठी तुमच्या बहिणीची इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली जप्त झाली. (चुरगळलेल्या शर्टाने कामावर गेलो की साहेब घरची चौकशी करतात.) पहिल्या दिवशी आवाज थांबला, दुसऱ्या दिवशी वाढला. कुणीही वैतागला असता, बाबा खूश झाले. मग त्यांनी स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं आणलं, त्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मलाही ऐकायला दिलं. मला त्यातून आवाज आला नाही, कांद्याचा वास आला. पण दादा, खरं सांगतो, आई गेल्यापासून बाबांचा इतका हसरा चेहरा मी पाहिला नव्हता. ते सकाळी आपणहून दाढी करून गाडीपाशी माझी वाट बघत उभे राहायला लागले होते.

शेवटी कामावर जायला रोज उशीर होऊ लागला म्हणून मी गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला, ढिला आहे म्हणाला, एक बोल्ट आवळला आणि जांभई दिली. आवाज बंद. मी विजयी वीरासारखा घरी आलो. बाबांनी गाडी चालू करायला लावली, ऐकलं, "छान" म्हणाले आणि आत जाऊन बॅगेत सदरे भरायला बसले. त्या रात्री ते दोन घास खाऊन उठले आणि तुमच्या बहिणीने माझ्याशी अबोला धरला. सकाळी गाडी चालू केली, तर आवाज परत हजर. देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय. बाबांनी सदरे बॅगेतून काढून पुन्हा कपाटात लावले आणि बाटली मागितली. असं पुढे इतक्यांदा झालं, की गॅरेजवाला आम्हाला बघितलं की आधी चहा सांगतो आणि मग पाना शोधतो.

आता तुमच्या गाडीविषयी, कारण विषय निघालाच आहे. गेल्या सुट्टीत आम्ही तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही नवी गाडी मोठ्या हौसेने दाखवलीत. बाबांनी बॉनेट उघडलं. आत एक काळं प्लास्टिकचं झाकण होतं, इंजिन त्याच्या पोटात. तुम्ही म्हणालात, हिच्यात बघण्यासारखं काहीच नाही, हीच तर गंमत. बाबांनी बॉनेट हळूच लावलं आणि घरात येऊन दिवसभर एकच पेपर वाचत बसले. (मी गाडीला नावं ठेवत नाही. गाडी उत्तमच आहे.)

तर प्रत्यक्ष घटना. तुम्ही कळवलंत, की आवाज हे काही कारण होत नाही, तिकीट पाठवतो आहे. बरोबरच होतं. आम्ही निघालो. बाबा पुढे बसले, तुमची बहीण मागे बॅग मांडीवर घेऊन. आवाज घरापासूनच नेहमीपेक्षा मोठा होता. बाजाराच्या चढावर तर लोक दुकानातून बाहेर येऊन बघायला लागले. आणि मग एकाएकी सगळं शांत. मी म्हटलं, चला, अखेर गुण आला. बाबा म्हणाले, "जावईबापू, गाडी बाजूला घ्या. आता तो नाहीच आहे." समोर लाल दिवा लागला होता, काटा वर चढत होता आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. उघडून बघतो तो पट्ट्याच्या चिंध्या झालेल्या. टॅक्सी करायची होती, असं तुम्ही म्हणाल. केली होती. बॅग आत ठेवलीसुद्धा. पण बसताना बाबांनी टॅक्सीवाल्याला सांगितलं, की तुमचाही पट्टा ओरडतो आहे. त्याने बॉनेट उघडलं, तुमच्या बहिणीने पाण्याची बाटली काढून दिली (ती तिने बरोबर का घेतली होती, हे मी विचारलं नाही), आणि ते दोघे वाकून ऐकत असताना तुमची आगगाडी शिट्टी देऊन गेली.

हा एवढाच प्रकार. यात कुणाचाही हेतू नव्हता. वहिनींना नमस्कार.

आपला,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. नवा पट्टा घालताना गॅरेजवाला म्हणाला, की हा बोल्ट आपोआप ढिला होणारा नाही. तो कुणीतरी सैल केला आहे, तोही दोघांनी. एकाने नीट पान्याने, दुसऱ्याने कोपरे कुरतडून. मी त्याला हळू बोलायला सांगितलं, बाबा बाहेरच उभे होते.

दुसरी ता. क. पान्यावाले बाबाच. सदरे कपाटात परत गेले, त्या सकाळी मी त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. लोकांचे काटे तपासण्यात जन्म गेलेला माणूस चपला हातात घेऊन, इकडे तिकडे बघत, बॉनेट उघडत होता. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

तिसरी ता. क. तुमचं तिकीट आलं तेव्हा मला वाटलं, आता बाबा शब्दाला जागतील आणि बोल्टाला हात लावणार नाहीत. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मीच तो थोडा सैल केला. त्यांनीही केला होता, हे मला काय माहीत. पट्टा बिचारा एक घर सांभाळू शकतो, दोघांचा लोभ त्याला झेपला नाही. दादा, त्यांना आमच्याकडेच राहू द्या. सुट्टीत आम्ही सगळे त्या रंगवलेल्या खोलीत येऊन राहू, तेवढं ते प्लास्टिकचं झाकण काढून ठेवा.

शेवटची ता. क. बाबांनी (बोल्टाचं काम उरकून) जड सामान पुढे पाठवलं, त्यात त्यांचा पान्यांचा डबा तुमच्याकडे आला आहे. तो परत पाठवावा. त्यात तेरा नंबरचा जादा पाना आहे, तो वाटेत कुठे पडला नाही ना बघावं. पक्कडीने बोल्टाचे कोपरे झिजतात, असं बाबा काल जेवताना माझ्या ताटाकडे बघत म्हणाले.