रुबेनच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती

प्रिय फाबियान,

पुस्तक सुखरूप पोचलं. कळवायला उशीर केला, कारण दोनदा पत्र सुरू करून फाडलं. रोसारिओच्या वाचनालयात तुझ्या बाबांच्या, रुबेनच्या, आठवणीचं प्रदर्शन भरतंय, त्यांची ही कादंबरी मधोमध काचेत ठेवणार, खाली ‘पहिली आवृत्ती’ अशी पाटी; मी फक्त खात्री करून द्यायची. कोरिएन्तेस रस्त्यावर जुनी पुस्तकं विकण्यात माझे केस पिकले, तू दुसऱ्या कुणाला विचारणार म्हणा.

पहिलं पान उघडलं. अक्षर बाबांचंच: ‘फाबियानसाठी, मोठा झाल्यावर.’ पण त्या पानाला ओल लागून गेलेली, कडा तपकिरी. पुढची सगळी पानं स्वच्छ. छपाईची तारीख असते ते शेवटचं पान गायब. पहिल्या आवृत्तीत एका प्रकरणात नावाड्याचं नाव चुकीचं छापलं गेलं होतं, पुढच्या छपाईत ते सुधारलं. तुझ्या प्रतीत ते बरोबर आहे. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बरोबरच होतं, आणि तेच वाईट.

तुला कुणी फसवलं म्हणावं, तर पुस्तक कधी घरच्या माणसांच्या हाताबाहेर गेलंच नव्हतं. म्हणून तुझ्या आईला, देल्फिनाकाकूंना, फोन केला आणि बांधणी कुणी केली एवढंच विचारलं. त्यांनी फोनच ठेवला. दुसऱ्या दिवशी, या वयात, बस बदलत काठी टेकत दुकानात हजर. मी माते चहा पुढे केला, त्यांनी हातही लावला नाही, थेट सांगायलाच लागल्या.

बाबांना लष्करानं उचलून नेलं तेव्हा गल्लीत घरोघर झडत्या चालू होत्या. काकूंनी पुस्तकं पोत्यात बांधून कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरली. लष्कर गेल्यावर उकरली, तर सगळा लगदा. पुठ्ठ्याला चिकटलेलं हे एक पान तेवढं वाचलं. तुला मात्र सांगितलेलं, पुस्तक मावशीकडे आहे. आणि तू रोज विचारायचास. मग त्यांनी नंतरच्या छपाईची प्रत शोधली, शेवटचं पान काढलं आणि हे पान तिच्यात शिवून घेतलं.

“त्याचा बाप परत आणता येत नव्हता,” त्या म्हणाल्या, “निदान पुस्तक तरी द्यावं म्हटलं.”

पाटी छापायला गेली असेल, याची मला धास्ती आहे. ती थांबव. तू रागावशील याची धास्ती त्याहून जास्त. पण अक्षर खरं आहे, ते पान पहिल्या आवृत्तीचंच आहे. बाकीचं पुस्तक तुझ्या आईचं.

हे तुला कळवायला त्यांनीच सांगितलं; त्यांच्या तोंडून ते निघत नाही. आत्ता त्या माझ्यासमोर बसल्या आहेत. प्रत्येक वाक्य वाचून घेतलं, एकही खोडू दिलं नाही. पत्र मिळालं की मला उत्तर नको, त्यांना फोन कर. रागावायचं असेल तरी कर. माझा फोन गेल्यापासून त्या धड जेवलेल्या नाहीत.

तुझीच,
नोएमी