उरलेल्या बावखलाची रेघ

प्रिय दादा,

आज मी तुम्हा मंडळींच्या नकाशावर आयुष्यातली पहिली रेघ काढली, आणि ती काढण्यासाठी तू काढलेली रेघ मला पुसावी लागली. हे तुला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहायला बसले आहे.

तुझी खुर्ची ओट्यावर तशीच आहे. रविवारची मंडळी अजून येतात, सतरंजीवर फोन आणि लॅपटॉप मांडून बसतात, पण खुर्चीवर कुणी बसत नाही. आज मी बसले. रागावू नकोस. माझे गुडघे तुझ्या शिष्यांइतके कोवळे नाहीत.

तू नोकरीतून निवृत्त होऊन गावाचा नकाशा काढायचा हा उद्योग सुरू केलास तेव्हा मी किती हसले होते, आठवतं? लोक निवृत्त झाले की देवळात जातात, तू आगाशीच्या गल्ल्या चालत सुटलास. मी म्हणाले होते, "अरे, मोठ्या कंपन्यांचे नकाशे आहेत की फोनमध्ये. तू कशाला उन्हात मरतोस?" तू शांतपणे म्हणालास, "त्यात दुकानं आहेत, शालू. आपली विहीर नाही, वाडीतली पायवाट नाही, वाडीला गोडं पाणी देणारं बावखलाचं तळं नाही. जे विकता येत नाही ते त्यांना दिसत नाही."

ते शेवटचं वाक्य मी पुढे प्रत्येक भाषणात वापरलं आणि टाळ्या घेतल्या. तू पहिल्या रांगेत बसून मिशीत हसायचास. कधी म्हणाला नाहीस, वाक्य माझं आहे. नकाशाचंही तसंच होतं ना? कुणीही यावं, भर घालावी, चुकलं असेल ते सुधारावं, आणि मालक कुणीच नसावा. मी जन्मभर व्यासपीठावरून ज्या समाजाची स्वप्नं सांगितली, तो तू माझ्याच ओट्यावर, चहाच्या कपांमध्ये चालवत होतास. हे माझ्या लक्षात यायला तुला जावं का लागलं?

आणि ती ताडपत्री! तुम्ही घरी बसून उपग्रहाच्या फोटोवरून अर्नाळ्याची बावखलं रेखत होतात. कोळीवाड्यात एक छान चौकोनी निळं पाणी दिसलं, तुम्ही आनंदाने ते नकाशात घातलंत. मग नाव विचारायला गेलात, तर एक मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पानी? ये पानी नाय रं बाबा, माझ्या छपरावरची ताडपत्री हाय. पोहायचं असेल तर शिडी देते." वर शेजारणीला हाक मारून सांगितलं, "अगो ये, तुझ्या घरावर बी तळं हाय का बघायला आलेत." तू ती गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगायचास, आणि त्या दिवसापासून तुमचा नियम ठरला. जागेवर जायचं. काठाने चालायचं. तिथल्या दोन माणसांना नाव विचारायचं. मगच रेघ.

तोच नियम मला आज नडला, दादा.

या शुक्रवारी प्रभागाची सभा आहे. विषय आपलं जांभळीचं बावखल. ते राखायचं की भराव घालून मोकळा भूखंड म्हणायचं, याचा निर्णय आहे. मी भाषण तयार ठेवलं होतं. पडद्यावर तुझा नकाशा दाखवणार होते, त्यातलं ते लांबट निळं बावखल, आणि गर्जणार होते की हे बघा, आमच्या पूर्वजांनी खणलेलं गोड पाणी जसंच्या तसं आहे, याला हात लावाल तर याद राखा. तू मला तोफ म्हणायचास ना? तोफ ठासून तयार होती.

काल अश्विनीचा फोन आला. तुझी नालासोपाऱ्याची अश्विनी, जिचे आईवडील सांगलीहून इथे आले, आणि जी तुझ्याकडून बावखल म्हणजे काय ते शिकून आता आम्हालाच शिकवते. म्हणाली, "मावशी, जांभळीचं बावखल नकाशात आहे तेवढं राहिलं नाहीये. काकांची रेघ बदलायला लागेल. पण ती काकांची आहे, माझा हात होत नाहीये."

मी म्हणाले, "हात लावू नकोस. शुक्रवारपर्यंत तरी नाही."

"पण मावशी, ते खोटं होईल."

"माझा भाऊ खोटा?"

ती तरी ऐकेना. मग म्हणाली, "काका असते तर काय म्हणाले असते माहितीये ना? आधी जागेवर जा, मग भांड."

गेले. सकाळीच आम्ही दोघी गेलो. दादा, पूर्वेकडचा अख्खा भाग गेला आहे. जिथे रहाट होता तिथे विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या आणि माती. त्यावर रानटी एरंड उगवलाय. पाणी आहे, पण पश्चिमेला, निम्म्याहून कमी. तुझ्या आजारपणात, आपण सगळे दवाखान्यात पळत होतो तेव्हा, हे झालं. तुला माहीत होतं का? शेवटी शेवटी तू खिडकीतून त्या बाजूला बघत राहायचास. माहीत असूनही मला सांगितलं नाहीस, असं तर नाही ना?

अश्विनी फोन हातात धरून काठाने चालू लागली. मी मागे. चिखलात चप्पल रुतली, ती काढायला वाकले तर समोर बाबू. आपला चुलतभाऊ बाबू, ज्याच्या पूर्वेकडच्या वाडीतून हा भराव पडतोय.

"काय शालूताई, मोजणी चाललीय?"

"चाललीय."

"नकाशात अख्खं दाखवतेस म्हणे सभेत. दाखव. मी सगळ्यांना इथं आणून उभं करीन. दादा खोटा पडेल, मी नाही."

माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते तुला सांगायला नको. पण बाबूचा चेहरा थकलेला होता, दादा. त्याची केळी उभी सुकली आहेत. वाडीत कामाला माणूस मिळत नाही, मुलं परदेशात, म्हणतात बाबा विकून टाका. केळी वाळवून सुकेळी करायच्या मांडवात त्याने जुने टायर ठेवलेत. मी त्याला खलनायक म्हणून भाषणात चांगला रंगवला होता. समोर उभा होता तो आपला बाबू होता.

मी काही बोलण्याआधी पुढे गेलेली अश्विनी मागे आली आणि तिने नियमाप्रमाणे विचारलं. तिला तो कोण हे ठाऊक नव्हतं. ती अगदी सरळ म्हणाली, "काका, तुम्ही इथलेच ना? नवी रेघ काढतोय, नाव परत दोघांना विचारावं लागतं; मावशींनी सांगितलं, आता तुम्ही. याचं नाव काय?"

बाबू तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "जांभळीचं बावखल."

"जांभूळ कुठाय पण?"

"होतं. त्या तिथं." आणि त्याने बोट दाखवलं, भरावाकडे.

तिने तिथेच कच्ची रेघ ओढून फोन त्याच्यापुढे धरला. आधी तुझं बावखल, मग आजचं. बाबूने चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. डंपरमागून डंपर आत घेणाऱ्या माणसाने ते वरून कधी पाहिलंच नव्हतं.

"एवढंच राहिलं?" तो म्हणाला. कुणाला विचारलं कोण जाणे. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या कोपऱ्यात दादानं मला वाळका भोपळा बांधून ढकललं होतं. पोहायला."

आणि निघून गेला.

त्यानंतर ओट्यावर येऊन, तुझ्या खुर्चीत बसून, सगळ्यांसमोर मी ती रेघ नकाशात पक्की केली. अश्विनी म्हणाली, तुम्हीच करा, तुमचं घर आहे. जे वाचवायला मी जन्मभर ओरडले, ते माझ्याच हाताने लहान केलं. तू हे किती वेळा केलं असशील, दादा? बुजलेल्या विहिरी, मिटलेल्या पायवाटा, एकेक पुसताना तुला असंच होत असेल, आणि मला वाटायचं हा माणूस संगणकावर खेळतोय.

दुपारी डंपर आला. फाटकापाशी बराच वेळ उभा राहिला, बाबूशी काहीतरी बोलणं झालं, आणि भरलेलाच परत गेला. उद्या येईल की नाही, मला माहीत नाही.

शुक्रवारचं भाषण मी फाडलं. आता एवढंच म्हणेन: हे होतं, हे उरलंय, चला माझ्याबरोबर काठाने. तोफेला हे कितपत जमेल, सांगता येत नाही. पहिल्या रांगेत तू नसशील, म्हणून घाबरले आहे.

पण एक वचन देते. दर महिन्याला मी त्या काठाने चालेन. पाणी आटलं तर आटलेलं दाखवीन, बुजवलं तर बुजवलेलं, आणि तेव्हा माझा आवाज पार पापडी गावापर्यंत ऐकू जाईल. पण कधीतरी आम्ही ती माती उपसली, आणि निळी रेघ पूर्वेकडे हातभर जरी सरकवता आली, तर त्या दिवशी नाव विचारायला मी बाबूकडेच जाईन. आणि नियमातलं दुसरं माणूस म्हणून अश्विनीला विचारीन, जी त्या काठावर जांभळाचं रोप लावणार म्हणते.

तुझी तोफ,
शालू