तिसरी नळी

प्रिय आई,

वाकून नमस्कार. आम्ही तिघं ठणठणीत आहोत. तुझा गुडघा काय म्हणतोय?

बाबा गोरा, आई सावळी, मग आपण कुठले, म्हणून तुझ्या नातीने डोकं खाल्लं. शेवटी घरबसल्या करायची डीएनए चाचणी मागवली. नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं. एका संचात लांबचे नातेवाईकही शोधून देतात. मी मुद्दाम नुसता पूर्वजांचा मुलूख सांगणारा घेतला. का, ते तुझा जावई समजला. तुम्ही मला दत्तक घेतलंत हे त्याला ठाऊक आहे, पोरीला नाही.

नळ्या तीन आल्यात. तिसरी बाबाची नव्हे, आजीची, असं तिने परस्पर ठरवलंय. आरशात बघून म्हणते, "नाक आजीचंच आहे, चाचणीत येईलच." मी भाजी चिरत राहिले.

थुंकायच्या आधी अर्धा तास चहा बंद, ते आजीला जमायचं नाही, असं सांगून वेळ मारून नेलीय. पण ती पिच्छा सोडणार नाही, हट्टीपणात तुझ्यावरच गेलीय.

मला सांगितलंस तेव्हा कुठले शब्द वापरले होतेस, ते आठवून लिही. मला तेच हवेत.

तुझीच,
थोरली