साक्षीदाराची वही

३ मार्च, सोमवार

पूर्ण एक तास वाया गेला. वेळ वाया कसा घालवू नये हे शिकण्यात!

साहेबांनीच गळ्यात मारलंय हे. ‘तुम्हाला फर्ममध्ये भागीदार करायचं मनात आहे, पण नकाशे दोनदा उशिरा गेले. पंधरा दिवस या बाईंकडे जा. त्यांचा अहवाल आला की बघू.’ म्हणजे सोळा वर्षं इमारती उभ्या केल्या मी, आणि निकाल देणार कोण? जिने आयुष्यात साधा ओटा बांधला नसेल अशी बाई.

टेबलावर तीन घड्याळं. नाकाने कांदे सोलत बोलते. हसते तेही मोजून. मी तिचं नाव घड्याळबाई ठेवलंय.

‘तुमचा वेळ नेमका कुठे जातो असं वाटतं?’

म्हटलं, सध्या इथे.

हसली नाही. लिहून घेतलं.

४ मार्च

दर पंधरा मिनिटांनी काय केलं ते लिहायचं. मी!

सव्वाअकरा – कंत्राटदाराचं डोकं ताळ्यावर आणणे. साडेअकरा – तेच. पावणेबारा – तेच. बारा – ही वही लिहिणे.

६ मार्च, गुरुवार

दुसरी बैठक. आता नवीन खूळ. घरातल्या कुणीतरी ‘साक्षीदार’ व्हायचं. आपण घरी कधी आलो, काय केलं, हे त्याने वेगळ्या वहीत लिहायचं. आपण ती वाचायची नाही. सतरा तारखेला बाई दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताडून बघणार. ‘माणूस स्वतःच्या वेळेबद्दल खोटं बोलतो, त्याचा त्याला पत्ताही नसतो.’ काय पण शोध!

नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, ‘मला कुठे वेळ आहे?’ बरोबर. नऊच्या आत त्याला घर दिसत नाही. उरले सासरे.

सासऱ्यांनी तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर बसून लोक किती वाजता आले ते लिहिलं. हुद्दा टाइमकीपर. दुसऱ्यांच्या वेळा लिहिण्यात हयात घालवली, आणि अभिमान असा की जणू कारखाना यांनीच चालवला. सख्ख्या भावाला दोन मिनिटांसाठी लेट लावला होता म्हणे. तो दोन वर्षं बोलला नाही. हे सांगताना अजून छाती फुगते!

वही हातात पडताच म्हाताऱ्यात वीज संचारली. पट्टी काढली, रकाने आखले, घड्याळ रेडिओशी लावून घेतलं. ‘सूनबाई, काळजी करू नकोस. नोंद चोख होईल.’

काळजी मी कशाला करू?

७ मार्च

करायला हवी होती.

संध्याकाळी गाडीतून सहज वर बघितलं. बाल्कनीत सासरे. मांडीवर वही.

आता लिहूनच टाकते, ही वही वाचणारं कुणी नाही, बाईला द्यायची नोंदवही वेगळी. मी सात दहाला घरी पोचते. गाडी लावते. आणि सात पन्नासपर्यंत गाडीतच बसते. रोज. दीड वर्ष झालं असेल. काहीही करत नाही. फोन पालथा, सीट मागे, बस. ऑफिसात मॅडम, वर गेलं की आई, सून, बायको. गाडीत मला कुणी काही विचारत नाही.

वर सगळ्यांना माहीत आहे की ट्रॅफिक असतो. माझ्या नोंदीतही तेच – ‘६.२० ते ७.५० प्रवास.’ सात वर्षांची पोर वर आजोबांबरोबर माझी वाट बघते आणि तिची आई खाली चाळीस मिनिटं लपून बसते! हे घड्याळबाईच्या टेबलावर उघडं पडणार. मग अहवाल साहेबांकडे. मग नवऱ्याच्या कानावर.

आणि हे कुणाच्या हातून? ज्याच्याकडे मी जेवायला वाढताना धड बघतसुद्धा नाही त्याच्या.

१० मार्च, सोमवार

ठरवलं. गाडी लावायची, थेट वर जायचं.

सात बाराला घरात. पोर आनंदाने नाचली. सासऱ्यांनी घड्याळ बघितलं, लिहिलं, टोपण लावलं. काय तो तोरा!

११ मार्च

आजही थेट वर. पोरीने तीन प्रश्न विचारले, चौथ्याला मी ओरडले. सासरे वहीत लिहीत होते. काय लिहिलं? ‘७.२० – आई ओरडली’?

१२ मार्च

थेट वर. पोरीच्या हातून पेला फुटला आणि मी इतकी बोलले की ती आजोबांच्या मागे जाऊन उभी राहिली. मला माझीच लाज वाटली. हे चालायचं नाही.

१३ मार्च, गुरुवार

बैठक. ‘चेहरा ओढलेला दिसतोय. झोप किती?’ हिने आता माझी झोपच तेवढी मोजायची ठेवलीय.

संध्याकाळी गाडीतच बसले. बघू दे म्हाताऱ्याला. बेचाळीस मिनिटं.

१४ मार्च

वही बघायचा प्रयत्न केला. कपाटाला कुलूप! ‘तपासणी होईपर्यंत दाखवायची नसते, सूनबाई. नियम आहे.’ कुणाचा नियम? तीस वर्षांपूर्वीच्या गेटचा!

मग आडून विचारलं, ‘बाबा, बाल्कनीतून खालचं नीट दिसतं का हो तुम्हाला?’

‘मोतीबिंदू काढल्यापासून? चाकावरचा चिखलसुद्धा दिसतो.’

म्हटलं, ‘ट्रॅफिक फार असतो हल्ली.’

‘असतो,’ म्हणाले, आणि पेपर उघडला.

झालं. भागीदारी गेल्यातच जमा.

१७ मार्च, सोमवार

बाईने दोन्ही वह्या उघडल्या. माझी डावीकडे, त्यांची उजवीकडे. एकेका ओळीवर पेन्सिल फिरवत गेली. मी तिच्या तीन घड्याळांकडे बघत बसले. तिन्हींत वेगवेगळी वेळ होती, हे माझ्या आजच लक्षात आलं.

‘कमाल आहे,’ ती म्हणाली. ‘इतक्या जुळणाऱ्या वह्या मी आजवर पाहिल्या नाहीत.’

मी वही ओढूनच घेतली. त्यांचं टपोरं अक्षर, ताठ रकाने. ‘७.५० – गाडी आली. ७.५२ – घरात.’ खाली दुसऱ्या दिवशी तेच. तेराला तेच, चौदाला तेच. मधले तीन दिवस मात्र खरे, ‘७.१० – गाडी आली. ७.१२ – घरात.’ ओरडल्याचा, पेल्याचा एक शब्द नाही. पोर आजोबांमागे लपली, तिथे लिहिलंय, ‘मुलीपाशी बसली.’

बाई बोलतच होती. तीन दिवस रस्ता मोकळा मिळालेला दिसतो. एरवी प्रवासात दीड तास जातो, त्यात पुस्तकं ऐकत जा. अहवाल उत्तम देते. ‘तुमचे साक्षीदार फार प्रामाणिक आहेत हं.’

मी हो म्हटलं. खोकल्याचं नाटक करून तोंड फिरवलं. अकरा दिवस या माणसाच्या नावाने बोटं मोडली मी. आणि अकरा दिवसच कशाला? घरात आल्यापासून मनातल्या मनात हेच चाललंय माझं. त्यांनी तर आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती. माझ्यासाठी केली.

घरी गेल्यावर बाबांना वही परत दिली. त्यांनी ती कपाटात ठेवली, किल्ली फिरवली. ‘तपासणी झाली?’

‘झाली.’

‘बरं.’

१८ मार्च

सात दहाला गाडी लावली. पाच मिनिटांत काचेवर टकटक. बाबा! पोरीला शेजारच्या काकूंकडे सोडून चार जिने उतरून आले होते. दार उघडलं. बाजूच्या सीटवर बसले. धाप लागली होती.

मग म्हणाले, ‘तुझी सासू कामावरून आली की जिन्यात बसायची. अर्धा-अर्धा तास. मला रोज दिसायचं. ती जाईपर्यंत मी कधी विचारलं नाही.’

मी मागे केलेली सीट सरळ केली.

‘तू का बसतेस, सूनबाई?’

म्हटलं, वर नको, इथेच सांगते. त्यांनी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि आपल्या बाजूची काच वर केली.