चौथ्या मजल्यावरचा स्वस्त फ्लॅट

११ ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. घर घेताना कोण कधी काय बोललं ते लिहून ठेवलेलं बरं, नंतर कुणाला शब्द फिरवता येत नाही. मी, फान चिंग-सिन, विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात आयुष्य घालवलं. हात गळ्यात बांधून आलेला माणूस चहा कुठल्या हाताने उचलतो, एवढ्यावरून मी दावे फेटाळलेत. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय.

घर हवं ते सासूबाईंसाठी. शिंचूतलं आमचं घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवतात. पे-यून, म्हणजे माझी बायको, म्हणाली की वर्ष संपायच्या आत लिफ्टचं घर बघूया. मी म्हटलं, सप्टेंबर संपायच्या आत. शब्द दिला.

मेव्हण्याचा फोन. त्यांच्या वडिलांच्या भातशेतीचा तुकडा बिल्डर मागतोय. मी पे-यूनला सांगितलं, यात काहीतरी गोम आहे, विकायचा नाही. ती बरं म्हणाली. बायको साधी मिळाली हे एक सुख.

१४ ऑगस्ट

शेजारच्या जुबेईत, शहराच्या पूर्वेला गेलो. मागे यायचो तेव्हा जिथे बगळे उभे असायचे, तिथे आता क्रेन उभ्या आहेत. प्रत्येक सेल्स ऑफिसात फुकट कॉफी. फुकट कॉफी देणारा काहीतरी लपवत असतो. सगळीकडे प्यालो. छातीत धडधडतंय.

एजंट वेईबाई. स्कूटरवरून येते, सारखी हसते. नोंद घेतली.

१७ ऑगस्ट

वेईबाईने एक फ्लॅट दाखवला. लिफ्ट आहे. समोर बाग, बागेत म्हाताऱ्या बायका. हवा खेळती. वापरलेला पण स्वच्छ. किंमत आजूबाजूच्यापेक्षा बरीच कमी.

मी विचारलं, कमी का? ती म्हणाली, चौथा मजला आहे, आकडा अशुभ, म्हणून लोक घेत नाहीत. त्यात हा भुतांचा महिना, मेलेले परत येऊन फिरतात म्हणे, या दिवसांत कोण घर घेतं? आणि मालकांना लवकर मुलीकडे काओश्युंगला जायचंय.

एका प्रश्नाला तीन कारणं. खऱ्या गोष्टीला एक कारण पुरतं.

१८ ऑगस्ट

पे-यूनला फ्लॅट दाखवला. ती स्वयंपाकघरात उभी राहिली, बाल्कनीत उभी राहिली, मग म्हणाली, हा घेऊया. मी तिला समजावलं की घर असं घेत नसतात. ती बरं म्हणाली.

मालक पेंग आजोबा. ऐंशीच्या आसपास. पेरू कापून पुढे ठेवले, वर बोराची आंबटगोड पूड. मी खाल्ले नाहीत. पे-यूनने माझेही खाल्ले.

मी सरळ विचारलं, या घरात कुणी वारलंय का? पे-यूनने माझा पाय दाबला. आजोबा म्हणाले, "बायको गेली. पण हॉस्पिटलात. शेवटी घरी न्या म्हणत होती, मी आणली नाही."

उत्तर फार पटकन दिलं. पाठ केल्यासारखं.

२० ऑगस्ट

वेईबाईची परीक्षा घेतली. आवाज जाड करून फोन केला. ताइचुंगचा व्यापारी तुंग बोलतोय, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट हवाय. घरात काही दोष? ती म्हणाली, दुपारी पश्चिमेचं ऊन येतं, बाकी काही नाही.

मग माझ्या आवाजात फोन केला. तिने आपणहून सांगितलं की ताइचुंगच्या कुणा तुंग साहेबांनीही चौकशी केलीय, त्यांना सर्दी झालेली वाटत होती.

खरं बोलली. म्हणजे वाटली त्यापेक्षा चलाख आहे.

२३ ऑगस्ट

पाळत. बागेतल्या बाकावर पेपर घेऊन बसलो. कोण येतं, कोण जातं, कुणाच्या चेहऱ्यावर भीती आहे का. वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला की कुणाला भेटायचंय का. म्हणजे इथे काहीतरी लपवण्यासारखं आहे.

बागेतल्या एका आजींना विचारलं की चौथ्या मजल्यावर रात्री आवाज येतात का. त्या काठी घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. बोलायची चोरी असावी.

२४ ऑगस्ट

पुन्हा पाळत. आज पेपरऐवजी टोपी आणि गॉगल.

२७ ऑगस्ट

गळतीची चाचणी. ही माझी खास पद्धत. मागच्या बाल्कनीतलं पाणी जायचं भोक फडक्याने बंद करायचं, पाणी भरायचं, त्यात रंग टाकायचा. खाली रंग दिसला की गळती पक्की. रंग सासूबाईंचा, सणाच्या लाल वड्यांना लागतो तो, खायचाच. पेंग आजोबांना सांगितलं की जरा पाणी बघतो. ते म्हणाले, बघा की, आणि पेरू कापायला गेले.

नळ सोडून मी दिवाणखान्यात गोटी सोडून बघत होतो, जमिनीला उतार आहे का म्हणून. उतार नाही. तेवढ्यात खालून बाईची किंकाळी.

पाणी कठड्याच्या गजांमधून खाली वाहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या पांढऱ्या चादरींवर लाल ओघळ. भुतांचा महिना, वर चौथा मजला. तिने पोलिसांना बोलावलं. पोलीस येईपर्यंत शेजारच्या आजोबांनी उदबत्त्या लावल्या होत्या.

पेंग आजोबा स्वतः खाली जाऊन माफी मागून आले. वेईबाईने नव्या चादरी आणून दिल्या. इतका चांगुलपणा कुणी उगीच करत नाही.

गळतीबद्दल मात्र काही निष्पन्न झालं नाही. चाचणी पुन्हा घ्यावी लागेल.

३० ऑगस्ट

लिफ्टमध्ये माझा फोटो लावलाय. टोपी आणि गॉगलमधला. खाली लिहिलंय, ही व्यक्ती दिसल्यास वॉचमनला कळवा.

फोटो बरा नाही. पण सुरक्षेच्या दृष्टीने सोसायटी चांगली आहे, ही जमेची बाजू लिहून ठेवतो. तूर्त जिन्याने ये-जा.

३ सप्टेंबर

भुतांचा महिना संपला. पे-यूनने विचारलं, मग आता ठरवूया का? आईच्या पायाला सूज आहे. मी म्हटलं, घाई हेच तर विकणाऱ्याचं हत्यार. तिने पुन्हा विचारलं नाही. पटलं असावं.

हल्ली ती युकेलेलेच्या क्लासला जाते. चांगलं आहे, मन रमतं. वाद्य मात्र अजून घेतलेलं दिसत नाही. सुरुवातीला थिअरी असेल.

६ सप्टेंबर

वेईबाईचा फोन. फ्लॅट विकला गेला. एका बाईंनी घेतला, सह्यासुद्धा झाल्या.

मी हसलो. गिऱ्हाईक रेंगाळलं की हे लोक अशीच एखादी बाई उभी करतात. मी विचारलं, बाईंचं नाव? म्हणाली, सांगू नका असं त्यांनी बजावलंय.

बाई वगैरे कुणी नाही.

९ सप्टेंबर

वेईबाईला कळवलं की किंमत आणखी खाली आणलीत तर विचार करीन. ती म्हणाली, "फान साहेब, विकल्या गेलेल्या घराची किंमत मी खाली कशी आणू?" आवाजात थकवा. दबाव कामी येतोय.

१७ सप्टेंबर

चंद्राच्या सणाला मेव्हण्याकडे. अंगणात शेगडी, मांस भाजत होते, पपनसं सोलत होते. मी गेलो की पे-यून आणि तिचा भाऊ बोलायचे थांबतात. दोनदा पाहिलं. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. मला काहीच कळलं नाही असं दाखवलं.

सासूबाई आल्या नाहीत. येणार कशा? पे-यूनने डब्यात भरून नेलं. जिना चढताना पाचव्या मजल्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. दमली असावी.

२९ सप्टेंबर

पे-यूनने माझा मोजायचा टेप नेला. पडदे शिवायचेत म्हणाली. आमच्याकडे पडदे आहेत. क्लासमधल्या कुणा बाईचे असतील. साध्या बायकांना लोक कामाला लावतात. तिला एकदा सावध करायला हवं.

सप्टेंबर संपत आला. शब्द पाळता आला नाही. कारण मी नव्हे, बाजार.

१० ऑक्टोबर

सुट्टी. आज शेवटचा घाव घालायचं ठरवलं. वेईबाईला मध्ये न घेता थेट पेंग आजोबांना गाठायचं आणि म्हणायचं, आजोबा, पुरे झालं नाटक.

जिन्याने वर गेलो. बेल वाजवली. दार पे-यूनने उघडलं. हातात ओलं फडकं.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं की बिचारीला या लोकांनी धुण्याभांड्याला ठेवलं. हे इथेच लिहितो, कुणाला सांगणार नाही.

ती म्हणाली, "चपला बाहेर काढ. फरशी आत्ताच पुसलीय."

घर रिकामं. पेंग आजोबा केव्हाच मुलीकडे गेले होते. खिडकीशी एक खुर्ची तेवढी ठेवलेली. मी खुर्चीवर बसलो. मग हळूहळू कळत गेलं. शेतीचा तुकडा ऑगस्टमध्येच विकला होता. भावाने त्याचा वाटा आईच्या नावाने दिला, बाकीचे पैसे पे-यूनने शाळेच्या कँटीनमध्ये काम करून साठवलेले होते. सही भुतांचा महिना संपल्यावर केली. युकेलेलेचा क्लास म्हणजे सगळी इथलीच धावपळ.

मी म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं?

ती फडकं पिळत होती. म्हणाली, "सांगितलं असतं तर तू चौकशी केली असतीस."

मी विचारलं की आजोबांनी स्वस्तात का दिलं, हे तरी तू विचारलंस का?

"विचारलं," ती म्हणाली. "घरात कुणीतरी म्हातारं माणूस राहायला येणार म्हटल्यावर त्यांनी आणखी कमी केले. बायकोला शेवटी इथे आणता आलं नाही ना त्यांना." मग फडकं दोरीवर टाकत म्हणाली, "मागची खोली तुझी आहे. यायचं असेल तर ये. पुढच्या रविवारी आईला हलवणार आहे."

जाताना लिफ्टमध्ये शिरलो. फोटो अजून आहे. एका बाईने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्याच मजल्यावर उतरली.

१३ ऑक्टोबर

मी जुन्याच घरात राहणार. प्रश्न तत्त्वाचा आहे. पे-यून सामान बांधतेय. मी मदत करत नाही. फक्त काचेची भांडी मी बांधली, कारण तिला बांधता येत नाहीत.

१६ ऑक्टोबर

वाढदिवस. पे-यूनने दीर्घायुष्याच्या शेवया केल्या, लांबच लांब, न तुटलेल्या. भेट वगैरे काही नव्हती. मेव्हण्याशी कुजबुज कशाची होती ते आता लक्षात आलं.

२० ऑक्टोबर

सासूबाईंना खाली आणायचं होतं. मेव्हण्याची कंबर धरलेली. टेम्पोवाले म्हणाले, आम्ही फ्रिज उचलतो, माणूस नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले.

पाठीवर घेतल्या. वाटल्या होत्या त्यापेक्षा खूपच हलक्या. माझ्या कानाशी त्यांचा श्वास. प्रत्येक मजल्यावर त्या कुणाच्या दारात काय नवीन आलंय ते सांगत होत्या. इथे चपलांचं कपाट बदललंय. इथे नवी सून आलेली दिसते. दुसऱ्या मजल्यावर मी कठडा धरला. त्या म्हणाल्या, "आ-सिन, थांब. मला घाई नाही."

थांबलो. मग त्याच म्हणाल्या, "वाटलं होतं, इथून मला शवपेटीतूनच उतरवाल."

खाली आल्यावर त्यांना रस्त्यावर खुर्चीत बसवलं. वारा सुटला होता, शिंचूचा नेहमीचा. त्यांनी तोंड वाऱ्याकडे केलं आणि डोळे मिटून घेतले. पे-यून टेम्पोच्या पलीकडे उभी राहून रडत होती. मी तिकडे गेलो नाही.

टेम्पोत पुढे जागा होती. बसलो. नुसता बघायला जातो, असं सांगितलं.

२३ ऑक्टोबर

अजून इथेच आहे. मागच्या खोलीला पश्चिमेचं ऊन येतं. वेईबाईने हे तुंगला सांगितलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे पे-यून मला घेऊन गेली. मी माफी मागितली. बाईंनी चहा दिला. त्यात काय असेल असा विचार आला, पण प्यालो. चहा होता.

२ नोव्हेंबर

सासूबाई आज पहिल्यांदा एकट्या खाली गेल्या. लिफ्टचं बटण स्वतः दाबलं. बागेत बसल्या. मी बाल्कनीतून लक्ष ठेवून होतो. भोवती बायका जमल्या, त्यात ती काठीवाली आजीही होती. सगळ्या वर माझ्याकडे बघू लागल्या. मी आत सरकलो.

जेवायच्या वेळेला परत आल्या. गाल लाल झाले होते, वारा लागून. पे-यून स्वयंपाकघरात होती. मी विचारलं, खाली काय बोलणं झालं?

म्हणाल्या, "त्या तुझ्याबद्दलच विचारत होत्या. मी सांगितलं, आमचा जावई फार चौकस. महिनाभर ऊनपाऊस बघितला नाही, बागेत बसून बसून त्यानेच हे घर पसंत केलं. त्यानेच घेऊन दिलं मला." मग माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, "बरोबर सांगितलं ना?"

आतून पे-यूनच्या सुरीचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "बरोबर."

सुरीचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी ताटं घेतली.